पेरोव्हस्काइटच्या आतलं विद्युतक्षेत्र: इंदूरच्या नव्या प्रोजेक्टवाल्यांसाठी पायरी-पायरीने

दिवा लावला की मीटरवरचा आकडा उसळायचा, बंद केला की उलट्या दिशेने उसळायचा. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी सव्वा महिना मी या आकड्यावर जाम खूश होते. ‘प्रकाशाने सुटलेले चार्ज वेगळे होतायत’ असं वहीत लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. मग एका सीनियरने सहज विचारलं, ‘‘दिवा लावलेलाच ठेवला तर?’’ तो लावलेलाच ठेवला, तर दोन मिनिटांत आकडा जवळजवळ शून्यावर आला. म्हणजे सव्वा महिना मी नुसता पेलेट (पावडर दाबून, भाजून केलेली चकती) शेकत होते.

हा लेख तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून. शिवाय आपली अडचण थोडी वेगळी आहे: घरी मराठी, वर्गात हिंदी, पेपर इंग्रजीत. संध्याकाळी जेल रोडच्या घरी आईने ‘‘नक्की करतेस काय?’’ विचारलं, की तिन्ही भाषांत माझी बोबडी वळायची. तेव्हा आधी आईला सांगता येईल एवढं, मग सामान, मग मोजमाप.

१. आधी डोक्यात चित्र पक्कं करा

गवंड्याकडची स्पिरिट लेव्हल पाहिली असेल. नळी जरा कलली की पाणी खाली आणि बुडबुडा वर, दोघं एकाच उतारावर विरुद्ध दिशांना जातात. स्फटिकात प्रकाशाचा कण पुरेशा ऊर्जेने आला, की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात उडी घेतो आणि मागे रिकामी जागा राहते, ती म्हणजे होल. इलेक्ट्रॉन म्हणजे पाणी, होल म्हणजे बुडबुडा. नळी सपाट असेल तर दोघं एकमेकांच्या आसपासच घुटमळतात आणि पुन्हा एकत्र येतात. मिळालेली ऊर्जा उष्णता किंवा उजेड होऊन निघून जाते, तारेत काहीच येत नाही. नळीला कल हवा. तो कल म्हणजे आतलं विद्युतक्षेत्र.

सिलिकॉनच्या सौरपेशीत हा कल पी आणि एन असे दोन थर जोडून मुद्दाम बनवावा लागतो. काही पेरोव्हस्काइटमध्ये तो जन्मजात असतो. पेरोव्हस्काइट हे मुळात एका खनिजाचं, कॅल्शियम टायटनेटचं नाव. १८३९ मध्ये गुस्ताव रोझने उरल पर्वतातल्या नमुन्यांवरून ते ओळखलं आणि पेरोव्हस्की नावाच्या रशियन सरदाराचं नाव त्याला दिलं. आता त्याच घडणीच्या सगळ्या पदार्थांना हे नाव लागतं: कोपऱ्यांत एक मोठा अणू, मधोमध एक छोटा, आणि छोट्याभोवती सहा ऑक्सिजनचा किंवा हॅलोजनचा पिंजरा.

बेरियम टायटनेटमध्ये मधला टायटॅनियम साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली बरोब्बर मध्यावर बसत नाही, किंचित एका बाजूला सरकतो. धन आणि ऋण भारांचे मध्य वेगळे पडतात. अशा कोट्यवधी पेट्या एकाच दिशेला सरकल्या की तुकड्याला दिशा येते. हेच ध्रुवीकरण. बाहेरून व्होल्टेज देऊन ते उलटवता येतं, म्हणून हा पदार्थ फेरोइलेक्ट्रिक.

२. ‘क्षेत्र’ हा शब्द जपून वापरा

व्हायव्हात सगळ्यात जास्त मार इथेच बसतो. चार्ज वेगळे करणाऱ्या किमान तीन गोष्टी एकाच पेलेटमध्ये एकाच वेळी चालू असतात.

पहिली, धातू आणि स्फटिक जिथे टेकतात तिथला शॉट्की अडथळा. इलेक्ट्रोडजवळ बारीकसं क्षेत्र तयार होतं आणि त्याचा ध्रुवीकरणाशी संबंध असेलच असं नाही.

दुसरी, ध्रुवीकरणामुळे दोन्ही पृष्ठांवर येणारा बांधलेला भार. इलेक्ट्रोडवरचे मोकळे भार तो बराचसा झाकतात, पण पूर्ण झाकला गेला नाही तर आत उलट दिशेचं क्षेत्र उरतं. एकाच दिशेला सरकलेल्या पेट्यांच्या पट्ट्याला डोमेन म्हणतात; दोन डोमेनच्या मधल्या भिंतींवरही व्होल्टेजच्या पायऱ्या पडतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या बर्कलीच्या गटाने बिस्मथ फेराइटच्या पातळ थरांवर असं मांडलं, की जेमतेम २ नॅनोमीटर जाडीच्या एकेका भिंतीवर सुमारे १० मिलिव्होल्टची पायरी असते. ऐकायला किरकोळ, पण भागाकार करा: सेंटिमीटरला ५० किलोव्होल्ट. अशा शेकडो भिंती एकामागे एक आल्या की पायऱ्यांची बेरीज होते. या पदार्थाचा बँड गॅप (इलेक्ट्रॉनला वरच्या पट्ट्यात उडी घ्यायला लागणारी किमान ऊर्जा) २.७ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असून त्यांना त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज मिळालं.

तिसरी गोष्ट मुळात क्षेत्रच नाही, आणि ही मला सगळ्यात उशिरा कळली. ज्या स्फटिकात मध्यबिंदूभोवतीची सममिती नाही, तिथे प्रकाशाने उडी घेणारा इलेक्ट्रॉन उडतानाच एका दिशेला झुकतं माप देतो. याला बल्क फोटोव्होल्टाइक परिणाम म्हणतात. लिथियम नायोबेटवर १९७० च्या दशकातच तो नीट मोजला गेला होता. बर्कलीच्या त्या मोठ्या व्होल्टेजमध्ये भिंतींचा वाटा किती आणि या परिणामाचा किती, यावर नंतर बरीच वादावादी झाली, आणि बल्क परिणामाची बाजू जड आहे असं दाखवणारी मोजमापंही आली. तेव्हा पेलेट मोजून ‘आतल्या क्षेत्राने चार्ज वेगळे केले’ असं ठोकून देऊ नका. ‘ध्रुवीकरणाबरोबर दिशा बदलणारा फोटोकरंट मिळाला’ असं लिहा. तेवढं तुम्ही खरंच सिद्ध करू शकता.

३. पदार्थ निवडा

पहिल्यांदाच करत असाल तर बेरियम टायटनेट. स्वस्त, हवेत टिकतो, शिसं नाही, आणि बिघडला तर का बिघडला ते शोधता येतं. तोटा असा की बँड गॅप ३.२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे साधारण ३८५ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीच उपयोगाच्या. सूर्यप्रकाशातला फार थोडा भाग यात बसतो. यातून घरावरचा पंखा फिरणार नाही, हे आईला पहिल्याच दिवशी सांगून टाका.

बिस्मथ फेराइट दिसायला मोहक, पण भाजताना बिस्मथ उडून जातं आणि पेलेटमधून करंट गळतो. २०१३ मध्ये पोटॅशियम नायोबेटमध्ये निकेल मिसळून १.३९ इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत गॅप खाली आणल्याचं काम आलं होतं. ते वाचा जरूर, पण चार महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी तो खड्डा आहे.

४. सामान आणि कागद

- बेरियम कार्बोनेट आणि टायटॅनियम डायऑक्साइड, चांगल्या शुद्धतेचे. बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरतात, हे लक्षात ठेवून हातमोजे आणि मास्क घाला. खल धुतल्याशिवाय समोसा हातात घेऊ नका.
- अगेटचा खल, पावडर चिकटवून ठेवणारा पीव्हीए बाइंडर, डाय आणि हायड्रॉलिक प्रेस, १३०० अंशांपर्यंत जाणारी भट्टी, ॲल्युमिनाची क्रुसिबल.
- सिलिकॉन ऑइल, १ किलोव्होल्टची डीसी सप्लाय, करंट मर्यादेसह.
- ३६५ नॅनोमीटरची एलईडी आणि अल्ट्राव्हायोलेट अडवणारा चष्मा. हा उजेड डोळ्यांना फिका जांभळा दिसतो म्हणून तो मंद वाटतो. तो मंद नाही.
- इलेक्ट्रोमीटर, म्हणजे अगदी बारीक करंट मोजणारा मीटर. साधा मल्टिमीटर चालणार नाही, का ते पुढे.
- झाकणाचा स्टीलचा डबा. मी फराळाचा पळवला होता.

भट्टी आणि प्रेस कॉलेजात असतात. एक्स-रे किंवा इलेक्ट्रोमीटरसाठी बाहेर जावं लागलं, तर आपलं शहर नशीबवान आहे. खंडवा रोडवर विद्यापीठाच्या आवारात यूजीसी-डीएई सीएसआर ही संशोधन संस्था आहे, पुढे सिमरोलला आयआयटी, आणि कॅटला, म्हणजे आरआरकॅटला, इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर एक्स-रे देणारं भलंमोठं यंत्र. पहिल्या प्रोजेक्टला सिंक्रोट्रॉन लागत नाही. मित्र ‘‘भिया, इंडसवर लाव ना’’ म्हणतील, हसून सोडून द्या. बाहेरच्या मोजमापासाठी गाइडच्या सहीचा अर्ज, विभागाचं पत्र, मूळ ओळखपत्र आणि नमुन्याची माहिती तयार ठेवा: काय आहे, किती आहे, विषारी आहे का. नमुन्याच्या डबीवर नाव, तारीख, रासायनिक सूत्र. माझी एक डबी एका प्रयोगशाळेत पंधरा दिवस हरवली होती, कारण तिच्यावर फक्त ‘नमुना २’ लिहिलं होतं आणि जगात सगळ्यांचाच एक नमुना २ असतो.

५. पेलेट

१० ग्रॅम बेरियम टायटनेटसाठी ८.४६ ग्रॅम बेरियम कार्बोनेट आणि ३.४२ ग्रॅम टायटॅनियम डायऑक्साइड. बेरीज जास्त भरते, कारण कार्बन डायऑक्साइड उडून जाणार आहे. वजनाआधी दोन्ही पावडरी ओव्हनमध्ये वाळवा, नाहीतर पाण्याचंच वजन कराल. ॲसिटोन घालून चार-पाच तास घोटा. कंटाळा येतो, पण याला तोड नाही. ११०० अंशांना चार तास भाजा, पुन्हा घोटा, एक्स-रे काढा. एक्स-रेच्या आलेखात ४५ अंश कोनाच्या आसपासची रेघ दोन भागांत फुटलेली दिसली की पदार्थ चौकोनी (टेट्रॅगोनल) रचनेत आला, म्हणजे टायटॅनियम सरकला. एकच जाडी रेघ असेल तर कण फार बारीक असू शकतात. पुढच्या भाजणीनंतर पुन्हा बघा.

पीव्हीएचे दोन-तीन थेंब, प्रेस, मग १३०० अंशांना दोन ते चार तास. चढताना ५००-६०० अंशांपाशी तासभर थांबा, बाइंडर सावकाश जळू दे. घाई केली तर पेलेटला खालून चिरा पडतात आणि त्या पोलिंगच्या (व्होल्टेज देऊन ध्रुवीकरण एका दिशेला वळवण्याच्या) दिवशी ठिणगी उडाली की मगच कळतात. घनता मोजा, सैद्धांतिक ६.०२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर पुढे जाऊ नका. मग एमरी पेपरवर अर्धा मिलिमीटरपर्यंत घासा.

इलेक्ट्रोड दोन्ही बाजूंना एकाच धातूचे हवेत. एकीकडे चांदी, दुसरीकडे सोनं लावलंत, तर तुम्ही स्वतःच्या हाताने पहिल्या प्रकारचं क्षेत्र बनवलंत. सोन्याचा प्रकाश जाईल इतका पातळ थर दोन्हीकडे, हा सगळ्यात सोपा मार्ग. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीतल्या कोटिंग मशीनवर तो होतो. कडेवर सोनं उतरू देऊ नका. ज्यांना चांदीची पेस्ट भाजून लावायची आहे, त्यांनी ते पोलिंगच्या आधी करावं; नंतर भाजली तर सगळं ध्रुवीकरण पुसलं जाईल.

६. पोलिंग

इथे माणूस मरू शकतो, म्हणून एकट्याने करू नका, एक हात खिशात ठेवा आणि सप्लाय बंद करून इलेक्ट्रोड शॉर्ट केल्याशिवाय तेलात बोट घालू नका.

पेलेट सिलिकॉन ऑइलमध्ये १३० अंशांपर्यंत तापवा. सेंटिमीटरला १० किलोव्होल्ट हवेत, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरला ५०० व्होल्ट. व्होल्टेज हळूहळू चढवा आणि ते तसंच ठेवून खोलीच्या तापमानापर्यंत थंड होऊ द्या. १२० च्या खाली येताना डोमेन क्षेत्राच्या दिशेने जुळत जातात. मग दोन्ही इलेक्ट्रोड तारेने जोडून रात्रभर ठेवा, म्हणजे अडकलेले भार निघून जातील. कुठे डी-३३ मीटर (दाबल्यावर किती भार निघतो ते मोजणारा) मिळाला तर तपासा: चांगल्या पोल झालेल्या सिरॅमिकला न्यूटनला १९० पिकोकूलॉमच्या आसपास मिळतं. दहा-वीस आलं तर पोलिंग झालेलं नाही.

आणि लगेच, पेलेट तेलातून काढल्या काढल्या, धन बाजूच्या कडेवर पेन्सिलने खूण करा. मी ‘लक्षात राहील’ म्हटलं होतं.

दुसरी खास आपल्याकडची गोष्ट. जुलैमध्ये पेलेटच्या कडेवर ओल बसते आणि करंट आतून जायच्याऐवजी कडेवरून गळतो. वाळवायला ओव्हनमध्ये ठेवाल, तर ६० अंशांच्या वर जाऊ नका. सवयीने ११० लावलंत तर १२० अगदी तोंडाशी आलेलं असतं आणि पोलिंग ढिलं पडतं.

७. मोजमाप

पेलेट स्टीलच्या डब्यात, डबा इलेक्ट्रोमीटरच्या ग्राउंडला जोडलेला, झाकणाला एलईडीपुरतं भोक. डब्यामुळे बाहेरची ५० हर्ट्झची घरघर थांबते. आतली तार टेफ्लॉनची, छोटी आणि चिकटवलेली. हलली तरी घासून काही पिकोअँपिअर तयार होतात. मीटर तासभर आधी चालू करा.

आधी अंधारात दहा मिनिटं. आकडा स्थिर झाला की दिवा लावा आणि निदान पाच मिनिटं लावलेलाच ठेवा. मग बंद, पुन्हा पाच मिनिटं. दर सेकंदाची नोंद हवी. एकच आकडा वहीत लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही.

व्होल्टेज मोजताना मल्टिमीटर का नको? पेलेटचा रोध सहज १०० अब्ज ओहम असतो. मल्टिमीटरचा स्वतःचा १ कोटी. पेलेटने १ व्होल्ट दिला, तर मल्टिमीटर स्वतःच तो खाऊन तुम्हाला ०.१ मिलिव्होल्ट दाखवेल. मोठ्या उंचीच्या टाकीला खाली भोक पाडून मग पातळी मोजण्यासारखं आहे ते.

८. खोटे करंट

खरं काम इथे आहे, म्हणून जरा थांबून.

पहिला खोटा करंट माझाच: पायरोइलेक्ट्रिक. ध्रुवीकरण तापमानाबरोबर बदलतं, आणि ते बदलत असेपर्यंत बाहेर करंट वाहतो. बेरियम टायटनेटला अंशामागे चौरस सेंटिमीटरला साधारण २० नॅनोकूलॉम धरा. अर्धा चौरस सेंटिमीटरचा पेलेट दिव्याने सेकंदाला फक्त शतांश अंशाने तापला, तरी १०० पिकोअँपिअर निघतात. तुमचा खरा फोटोकरंट बहुधा त्याहून कमीच असतो. ओळखायची खूण अशी: पायरो करंट दिवा लावताच उसळतो, तापमान स्थिरावलं की विझतो, आणि दिवा बंद केल्यावर उलट्या दिशेने उसळतो. फोटोकरंट दिवा असेपर्यंत सपाट राहतो आणि बंद केला की अंधारातल्या आकड्यावर परत जातो, पलीकडे नाही. तेव्हा उसळी सोडून द्या, मागून येणारं पठार वाचा.

पायरो करंटही पोलिंगची दिशा उलटवली की उलटतो. म्हणून ‘पोलिंग उलटवलं, करंट उलटला, झालं सिद्ध’ एवढ्यावर थांबू नका. पठार आणि उलटणं, दोन्ही हवं.

दुसरा खोटा करंट इलेक्ट्रोडचा. ३६५ नॅनोमीटरचा उजेड पेलेटच्या वरच्या पातळशा थरातच शोषला जातो, खालचा सगळा भाग अंधारात. त्यामुळे वरच्या इलेक्ट्रोडजवळचा शॉट्की अडथळा एकटाच करंट देऊ शकतो. हा सपाट असतो, म्हणजे पठाराच्या परीक्षेत पास होतो. याला पकडायला पोलिंग उलट दिशेने पुन्हा करा, पण प्रकाश त्याच पृष्ठावर पाडा. पेलेट नुसता पालथा घालून मोजणं म्हणजे पोलिंग उलटवणं नव्हे. पालथा घातलात तर उजेड दुसऱ्याच इलेक्ट्रोडवर पडतो आणि दोन्ही गोष्टी एकदम बदलतात.

समजा, एका पोलिंगला पठार −४२ पिकोअँपिअर आणि उलट्या पोलिंगला +१८. दोघांची सरासरी −१२: हा न उलटणारा भाग, इलेक्ट्रोडचा. फरकाचा निम्मा ३०: हा ध्रुवीकरणाबरोबर उलटणारा, तुमचा. प्रबंधात ४२ लिहायचा मोह होतो. ३० लिहा.

वेळ असेल तर तिसरी परीक्षा: पेलेट १४० अंशांवर नेऊन मोजा. टायटॅनियम मध्यावर आलेला असल्यामुळे उलटणारा भाग नाहीसा व्हायला हवा. अंधारातला करंट तापमानाने वाढतो, तो आधी वजा करा.

९. हॅलाइडवाल्यांसाठी थोडंसं

‘पेरोव्हस्काइट’ म्हटलं की आता बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो शिसं आणि आयोडीनवाला, सौरपेशीचा. २००९ मध्ये जपानमध्ये मियासाकांच्या गटाने त्यापासून ३.८ टक्के कार्यक्षमतेची पेशी केली आणि तिथून ही धावपळ सुरू झाली. त्याची गोष्ट आपल्या पेलेटपेक्षा वेगळी आहे. त्यात इलेक्ट्रॉन आणि होल यांची एकमेकांवरची पकड इतकी सैल असते, की खोलीच्या तापमानाची ऊर्जा, सुमारे २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यांना मोकळं करायला पुरते. पुढे ५०० नॅनोमीटरच्या थरावर १ व्होल्टचा कल धरला, तर क्षेत्र सेंटिमीटरला २० किलोव्होल्ट. चार्जची चपळाई १० चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद धरली, तर पाव नॅनोसेकंदात तो पलीकडे. कल नसतानाही १०० नॅनोसेकंद जगलेला चार्ज नुसता भटकत दीड मायक्रोमीटर जातो, म्हणजे थराच्या तिप्पट. म्हणून या पेशींत क्षेत्राचं काम किती आणि निवडक थरांचं, म्हणजे एका बाजूने फक्त इलेक्ट्रॉन घेणाऱ्या आणि दुसरीकडून फक्त होल घेणाऱ्या थरांचं, काम किती हे पेशीगणिक बदलतं. शिसं-आयोडीनवाला खोलीच्या तापमानाला फेरोइलेक्ट्रिक आहे की नाही, यावरही एकमत नाही.

यातला सापळा आयनांचा. आयोडीनच्या रिकाम्या जागा स्फटिकात सरकतात आणि काही सेकंदांत आतलं क्षेत्र झाकून टाकतात. त्यामुळे व्होल्टेज चढवत मोजलं तर एक वक्र, उतरवत मोजलं तर दुसरा. दोन्ही दिशांनी मोजा, वेग लिहा, सुरुवातीला किती वेळ कुठल्या व्होल्टेजवर ठेवलं तेही लिहा. शिशाचा कचरा वेगळ्या बाटलीत. विद्रावण बनवायला वापरतात ते डीएमएफ कातडीतून आत जातं आणि यकृताला त्रास देतं, म्हणून साधे पातळ हातमोजे पुरत नाहीत. ब्युटाइल रबरचे मागवा आणि ते येईपर्यंत विद्रावण बनवायला बसू नका.